राखीव जोर

मी एकोणतीस वर्षं शाळेत पोरांचा दम मोजला. बारला लोंबकळायचं किती सेकंद, मिनिटाला उठाबशा किती, गोळा कुठवर जातो, सगळं वहीत. तोंडात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. बार्शीच्या मंडईत आजही एखादा टक्कल पडलेला गृहस्थ मला बघून पोट आत ओढतो. त्यामुळे त्या मंगळवारी तालुक्याच्या आरोग्य केंद्रात माझी चाचणी घ्यायला स्नेहल बोकेफोडे समोर आली, तेव्हा घाम मला नाही, तिला फुटला. ही पोरगी सातवीत बारला चार सेकंद लटकली होती. शाळेतला तो नीचांक अजून कुणी मोडला नसावा.

"बसा की बाई," ती म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."

"तुला बारपर्यंत चालत यायलाच दहा मिनिटं लागायची."

ती हसली. मी हसले का ते आठवत नाही. त्या दिवसांत मी बोलायची ते सवयीनं बोलायची. आत काही हलायचं नाही.

चाचणी कशासाठी, ते सांगते. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याला उचलणाऱ्याची ताकद दर तीन महिन्यांनी मोजायची, असा नियम येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. नियम वाईट नव्हता. साठीच्या बायका नवऱ्यांना उचलत होत्या, दोघं मिळून न्हाणीघरात पडत होती आणि दोघांचे खुबे मोडत होते. म्हणून सरकारनं एक रेषा आखली. उचलणाऱ्याचं बळ रेषेच्या वर असेल तर माणूस घरी राहणार. खाली गेलं तर पंधरा दिवसांनी एक फेरचाचणी, आणि तीतही नापास झालं तर माणूस सोलापूरच्या सरकारी रुग्णनिवासात. तिथून परत घरी आलेलं कुणी मी ऐकलं नव्हतं. तोवरच्या चाचण्यांत मी पास होत आले होते.

माझा माणूस म्हणजे नागनाथ सुरवसे, एसटीच्या डेपोतले मेकॅनिक. विजेच्या गाड्या आल्या तेव्हा 'हिच्यात हात घालाय काय हाय, नुसता मोठा मोबाइल' असं म्हणून मुदतीआधीच घरी बसले. सहा महिन्यांत मेंदूत गुठळी झाली आणि डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं. वजन एकाहत्तर किलो. चार वर्षं मी त्यांना दिवसातून नऊ वेळा उचलत होते. कमरेला पट्टा, त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर, माझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लावून 'एक, दोन, हप!' की पलंगावरून खुर्चीत. सुरुवातीला सव्वा मिनिट लागायचं, ते मी बावीस सेकंदांवर आणलं होतं. हो, मोजलं होतं. जित्याची खोड.

स्नेहलनं मला उंच खुर्चीत बसवलं, उजव्या मांडीला दमपट्टा, म्हणजे जोर मोजायचा विजेचा पट्टा, गुंडाळला आणि नडगीपुढं एक गादीची फळी लावली.

"आता पायानं फळी पुढं ढकला, बाई. आहे तेवढा सगळा जोर. मध्येच मांडीला टिचकी बसेल, दचकू नका."

मी ढकललं. टिचकी बसली, पाय उसळला. असं पाच वेळा. मग दम बघायला म्हणून निम्म्या जोरानं ढकलून धरून ठेवायचं, सुटेल तोवर. मी दात आवळून धरलं होतं. जबडा दुखला, म्हणजे मी मन लावून केलं असणार.

स्नेहल पडद्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "दम चांगला आहे. पण बळ रेषेच्या खाली आहे, बाई. आणि राखीव अडतीस टक्के."

हे राखीव प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. मांडीच्या स्नायूत लाखो धागे असतात. आपण 'ढकल' असं मनात आणलं की मेंदूतून हुकूम सुटतो, नसेतून खाली येतो आणि धागे आखडतात. हुकूम सगळ्या धाग्यांना पोचला असेल तर बाहेरून विजेची टिचकी दिली तरी जास्त काही होत नाही, कारण जे आधीच जीव तोडून ओढतायत ते आणखी काय ओढणार? पण काही धागे रिकामे बसले असतील तर टिचकी त्यांना उठवते आणि काटा वर उडी मारतो. जेवढी उडी मोठी, तेवढा जोर माणसानं लावलाच नाही. ही युक्ती जुनी, प्रयोगशाळेतली. पट्ट्यानं ती गावोगाव आणली.

आणि पट्टा आल्यापासून माणसांचा एक मोठा आडोसा गेला. 'जमत नाही' आणि 'करत नाही' यांच्या मधल्या बोळात आपण सगळेच कधी ना कधी दडून बसतो. आता तिथं दिवा लागला होता. आमच्या गल्लीतल्या एका सासूनं सुनेला पाटा-वरवंटा उचलवत नाही म्हणून तिला थेट केंद्रात आणलं होतं. तिचं राखीव निघालं त्र्याहत्तर टक्के. सून दुसऱ्या दिवशी माहेरी गेली, पाटा अजून तिथंच आहे.

"मी सगळा जोर लावला होता," मी स्नेहलला म्हटलं.

"तुम्हाला तसं वाटलं असेल."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"नाही ओ बाई." तिनं आवाज खाली आणला. "मशीन 'किती' ते सांगतं. 'का' ते त्याला कळत नाही. कुणी मुद्दाम राखतं. कुणाचं शरीरच राखतं. घरी जाऊन परत उचलायचंय हे अंगाला माहीत असतं ना. तुम्हीच सांगायच्या की खो-खोला, पहिल्याच डावात सगळा दम घालवू नका म्हणून."

मी पट्टा सोडून तिच्या हातात दिला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी विचार करत होते तो एवढाच, की परतताना औषधं आणि लिंबं घ्यायची आहेत.

रिपोर्ट रुग्णाच्याही मोबाइलवर जातो, कारण तोच लाभार्थी. मी घरी पोचायच्या आधीच तो पोचला होता. शेजारच्या बारबोले वहिनी माझ्या जागी बसल्या होत्या, त्या मला बघून घाईघाईनं उठल्या आणि 'कुकर लावायचाय' म्हणत निघून गेल्या. नागनाथांच्या छातीवर मोबाइल पालथा पडला होता.

"अडतीस टक्के," ते म्हणाले.

"हं."

"स्नायू झकास हाय म्हणं. म्हंजे पंप चालू हाय, फकस्त डिझेल येईना." त्यांचा स्वर डेपोतला होता, गाडीखालून बोलल्यासारखा. चिडलेले नव्हते. मग छताकडं बघत म्हणाले, "उज्ज्वला, नको झालं असंल तर सांग की सरळ. मी काय तुला फाडून खाणार हाय का?"

मी खरंच शोधून बघितलं. नको झालंय का? तसं सापडलं नाही. हवं आहे का? तेही सापडलं नाही. रिकाम्या डब्यात हात घालावा तसं झालं.

"मला काहीच वाटत नाही ओ," मी म्हटलं.

"तेच तर," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

मी जे होतं ते सांगितलं होतं. त्यांनी जे ऐकलं ते वेगळं होतं. समजूत घालायला जावं एवढंही अंग उचलवेना, म्हणून मी भाकरी टाकायला गेले.

त्यानंतर तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी त्यांना नऊ नाही, सहाच वेळा उचलते आहे. दुपारी बारानंतर ते पाणी पीत नव्हते. चहा आणला की 'ठेव, घेतो' म्हणायचे आणि तो तसाच साय धरायचा. लघवीला न्यायचे हेलपाटे वाचावेत म्हणून माणूस ऐन उन्हाळ्यात तहानेला राहत होता, आणि तेही माझ्यासाठी. मला ते कळलं आणि मी काही बोलले नाही. तीन खेपा कमी झाल्यानं कंबर जरा बरी होती. हे सांगताना आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

ऋतुजाचा, आमच्या मुलीचा, नाशिकहून फोन आला.

"आई, पप्पांनी रिपोर्ट पाठवलाय मला. तू मुद्दाम नाही ना केलंस?"

"नाही."

"नाही, केलं असशील तरी माझं काही म्हणणं नाही. चार वर्षं झाली गं. निवास चांगलं आहे म्हणतात. खिडकीतून तळं दिसतं."

"त्यांना तळ्यात काय पाना फिरवायचाय?"

"तू अशी बोलतेस ना, की तुला काय हवंय तेच कळत नाही."

"मला कळलं की तुला कळवते," मी म्हटलं. पोरीनं फोन ठेवला. तिचं काही चुकलं नव्हतं.

फेरचाचणीच्या आदल्या दिवशी नागनाथ म्हणाले, "उद्या मीबी येणार."

"कशाला? रिक्षात चढवायला त्रास."

"सही कराय. लाभार्थ्यानं स्वतःच सोलापूरला जातो म्हणून सही केली की उचलणाऱ्याची चाचणी लागत न्हाई. वाचलंय मी. उगं तुझ्यावर खापर कशाला? लोकं म्हणायची, पी.टी.च्या बाईनं नवऱ्याला टाकला."

छत्तीस वर्षांचा संसार. मी काहीतरी बोलायला हवं होतं. 'नाही' म्हणायला हवं होतं, किंवा निदान 'थँक्यू'. मी म्हटलं, "बरं." आणि त्यांची फाइल, आधारकार्ड आणि दोन फोटो पिशवीत भरले. पिशवी भरताना त्यांचे स्वेटर कुठल्या पेटीत आहेत याचाही विचार करून झाला.

केंद्रात स्नेहलनं अर्ज बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता म्हणाली, "निवासात घेण्याआधी रुग्णाचीही एकदा मोजणी करावी लागते. काका, ही टोपी घाला."

टोपी म्हणजे एक जाड कडं होतं. ते बाहेरून चुंबकाचा झटका देतं आणि मेंदूतला पायाला हुकूम सोडणारा कोपरा क्षणभर जागा होतो. तिथपासून पायापर्यंतची वाट शाबूत असेल तर पाय हलतो. वाट तुटली असेल तर पाय गप्प राहतो.

टक् असा आवाज झाला आणि नागनाथांचा डावा पाय उडाला.

चार वर्षं मी जो पाय धुतला, पुसला, उचलून खुर्चीच्या पायठ्यावर ठेवला, तो पाय. ते त्याच्याकडं असे बघत राहिले, जसं काही तो शेजारी बसलेल्या दुसऱ्याच कुणाचा होता. स्नेहलनं आणखी पाच वेळा टक् केलं. पाचही वेळा पाय उडाला. मग तिनं त्यांच्या मांडीला दमपट्टा बांधला.

"ढकला, काका."

"ढकलतोय की. हितं काय येत न्हाई."

काटा जेमतेम हलला. टिचकी बसली, आणि काटा एवढ्या जोरात वर गेला की स्नेहलनं पट्टा सैल तर नाही ना, ते तपासलं. सैल नव्हता.

"राखीव एकोणसाठ टक्के," ती म्हणाली.

मग तिनं आम्हाला समजावलं. मी एकेकाळी पोरांना समजवायची तसं, सावकाश. मेंदूत गुठळी झाल्यावर पहिले काही आठवडे पाय खरंच हलत नाही. मेंदू हुकूम सोडतो, काही होत नाही. पुन्हा सोडतो, काही होत नाही. शेवटी तो शिकतो की हा पाय आपला नाहीच. पुढं आतली वाट थोडी थोडी दुरुस्त होते, पण मेंदू तिकडं फिरकतच नाही. वाट तयार आणि वाटसरू नाही. "म्हणून दवाखान्यातून सोडतानाच सांगतात," ती म्हणाली, "दर वेळी माणसाला स्वतः उठू द्या. दहा मिनिटं लागली तरी लागू द्या. तुम्हाला सांगितलं होतं ना, बाई?"

सांगितलं होतं. कागदावर चौथ्या क्रमांकावर छापलेलंही होतं. मी तेव्हा हिशेब केला होता, नऊ वेळा दहा मिनिटं म्हणजे दिवसाचा दीड तास, आणि एवढा वेळ कुणाला आहे?

"घरी उठवायला किती वेळ लागतो?" स्नेहलनं विचारलं.

"बावीस सेकंद," नागनाथ म्हणाले. अभिमानानं म्हणाले. "हिचा रेकॉर्ड हाय."

बाहेर कुणाचं तरी नाव पुकारत होते.

"मला वाटलं, तुम्हाला जमत नाही," शेवटी मी म्हटलं.

"मला वाटलं, तुला तसंच बरं वाटतंय. एकदा मी पाय टेकवाय बघितला हुता. पहिल्या दिवाळीला. 'हलू नका, तोल जातो' म्हणालीस. मग म्हटलं, हिच्या कामात कशाला हात घाला."

मला ती दिवाळी आठवली. मी घाईत होते. फराळाचं तेल तापत होतं, आणि तो पाय मध्येच आडवा आला म्हणून मी गुडघ्यानं बाजूला सारला होता. चार वर्षांत त्यांनी एकदाच प्रयत्न केला आणि तो मी मोडून काढला. बारला लटकलेल्या पोरीला मी कधी कमरेला धरून वर ढकललं नव्हतं. तिथं मला अक्कल होती.

स्नेहलनं अर्ज पुढं सरकवला. त्यांच्या हातात पेन दिलं. "सही करायची तर करा, काका. पण एक सांगते. रेषा तुमच्या वजनावर ठरते. तुम्ही डाव्या पायानं स्वतःचे बारा किलो जरी पेललेत, तर बाईंची रेषा तेवढी खाली येते. मग बाई आत्ता आहेत तशाच पास आहेत. तुम्ही घरी."

"बारा किलो," ते म्हणाले. "म्हंजे बारका जॅक झाला एक."

"बाई, तुम्ही मात्र जमिनीवरच्या त्या पट्टीच्या मागं उभं राहायचं. हात लावायचा नाही. मोजायचंसुद्धा नाही."

मी मागं उभी राहिले. पहिल्यांदा सहा किलो. मग सात. मग परत सहा. त्यांची मान लाल झाली. माझा पाय आपोआप पुढं पडला.

"बाई, मागं!" स्नेहल ओरडली. हुबेहूब माझा आवाज.

मी मागं सरले. आठ. मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिनं पडदा फिरवून त्यांच्यासमोर केला. आतापर्यंत ते आपल्या पायाकडं बघत होते, आणि पायावर त्यांचा विश्वास नव्हता. आता समोर काटा होता. पस्तीस वर्षं त्या माणसानं काटे बघून गाड्या जिवंत केल्या होत्या. ते पुढं वाकले, डोळे बारीक केले, आणि तोंडानं इंजिनाला घालायच्या त्या शिव्या पुटपुटायला लागले. नऊ. साडेदहा. एकदा परत आठवर आला. मग बारा. आणि तिथं तो तीन सेकंद टिकला.

पेन अजून त्यांच्या उजव्या हातात होतं. ते त्यांनी तसंच स्नेहलच्या टेबलावर ठेवलं.

परतताना रिक्षात फाइलची पिशवी माझ्या मांडीवर होती. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. मला आतमध्ये काहीतरी व्हायला हवं होतं आणि मी त्याची वाट बघत होते, न आलेल्या गाडीची बघावी तशी.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. खुर्ची पलंगाला लावली, चाकं अडकवली, पट्टा कमरेला बांधला. आणि मी हात मागं घेतले. ते माझ्याकडं बघत राहिले.

"उचल की."

"नाही."

"आगं, इथं काटा न्हाई."

"नसू दे."

पहिल्यांदा ते नुसतेच कुरकुरले. मग पुढं सरकले, पाय टेकवला, अर्धे उठले आणि परत खुर्चीत आदळले. तिसऱ्या वेळी त्यांनी मला शिवी दिली आणि वर म्हणाले, "बघत काय उभी राहिलीस, माणूस पडंल की!" छत्तीस वर्षांत या माणसानं मला शिवी दिली नव्हती. मी म्हटलं, "पडणार नाही, मी आहे इथं." आणि हात लावला नाही. हात लावायचा नाही, याला जेवढा जोर लागतो तेवढा मी आयुष्यात कशालाच लावला नव्हता. अकरा मिनिटांनी ते पलंगावर होते, तिरके, शर्ट भिजलेला, उशी खाली पडलेली. पण पलंगावर होते.

बराच वेळ त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "पाणी दे. तांब्याभर दे."

ते सगळं पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी हनुवटी पुसली. "आता जा तू. अर्धा तास मला कोण नको. दम खाऊ दे. तूबी जा कुठंतरी, जरा फिरून ये."

"कुठं?"

"मला काय ठाव? तुला जायचं आसंल तिकडं."

मी चप्पल घातली. फाटकापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला, आणि डावीकडं जावं की उजवीकडं ते मला सुचेना. डावीकडं औषधाचं दुकान, उजवीकडं किराणा. चार वर्षांत याशिवाय मी कुठं गेलेच नव्हते. मैत्रिणी होत्या, त्यांची घरंही आठवत होती, पण जाऊन काय सांगायचं? मला काय आवडतं? संध्याकाळी मी पूर्वी काय करायची? अर्धा तास माझा होता आणि मला त्यात ठेवायला एक गोष्ट सापडत नव्हती.

आणि मग ते आलं. पोटातून वर आलं, मला थांबवता आलं नाही. लख्ख उजेडात, रस्त्यावर, फाटक धरून मी मोठ्यानं रडायला लागले. सायकलवरून चाललेली दोन पोरं थबकली. समोरच्या ओट्यावर बारबोले वहिनी शेंगा निवडत होत्या. त्या सूप टाकून अनवाणीच धावत आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले.

"काय झालं, बाई? भाऊंना काय झालं?"

"त्यांना काही झालं नाही, वहिनी," मी म्हटलं. "मला झालंय."